एक जागा, दोन वार

[दृश्य: अटलांटिक महासागराचा जुना नकाशा. आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्देची बेटं.]

जुलै १५२२. ‘व्हिक्टोरिया’ हे स्पॅनिश जहाज केप व्हर्दे बेटांपाशी येऊन थांबलंय. मॅगेलन पाच जहाजं घेऊन निघाला होता. त्यांतलं पृथ्वीला पूर्ण वळसा घालणारं जहाज एवढंच. मॅगेलन स्वतः वर्षभरापूर्वी फिलिपिन्समध्ये मारला गेला. जहाजावरचं अन्न संपत आलंय, म्हणून काही जण होडी घेऊन किनाऱ्यावर तांदूळ आणायला जातात. जाताना त्यांना एक काम सांगितलेलं असतं: आज वार कोणता, तेही विचारून या.

जहाजावर त्या दिवशी बुधवार होता. किनाऱ्यावरचे लोक म्हणाले, गुरुवार.

जहाजावर अँतोनियो पिगाफेत्ता नावाचा एक इटालियन होता. तो रोज नोंदी ठेवायचा. या प्रवासात आपण कधी आजारी पडलो नाही, त्यामुळे एकाही दिवसाची नोंद चुकलेली नाही, असं त्याने लिहून ठेवलंय. तरी एक दिवस गेला कुठे?

उत्तर नंतर कळलं, आणि त्यात कोणाचीच चूक निघाली नाही. जहाज सतत पश्चिमेकडे, म्हणजे सूर्याच्या मागे मागे जात होतं. त्यामुळे जवळजवळ तीन वर्षांत जहाजावरच्या लोकांनी घरच्या लोकांपेक्षा एक सूर्योदय कमी पाहिला.

[दृश्य: फिरती पृथ्वी. एक ठिपका पश्चिमेकडे सरकतोय, शेजारी सूर्योदयांची मोजणी.]

आता या गोष्टीकडे गणिताच्या नजरेने बघू. दोन्हीकडचे लोक एकच नियम पाळत होते: सूर्य उगवला की वार एकाने पुढे. यात संदिग्ध असं काहीच नाही, लहान मुलालाही कळेल. पण याच नियमावर विसंबून तुम्ही विचारलंत की ‘या बेटावर आज कोणता वार?’, तर उत्तर तुम्ही बेटावर कुठल्या वाटेने आलात त्यावर ठरतं. प्रश्न जागेबद्दलचा आहे आणि उत्तरात वाट घुसलीय. फंक्शनला, म्हणजे गणितातल्या फलनाला, हे चालत नाही. तिथे एका वस्तूला एकच उत्तर लागतं, मग ती वस्तू तुमच्यापुढे कुठल्याही रूपात, कुठल्याही वाटेने येवो.

नववीच्या पुस्तकात संच शिकवताना सांगतात की ‘वर्गातली हुशार मुलं’ हा संच होत नाही, कारण हुशार कोणाला म्हणायचं तेच ठरलेलं नाही. तो धूसरपणा चटकन दिसतो. व्हिक्टोरियाचा आजार लपलेला आहे. व्याख्येतला शब्द न् शब्द स्वच्छ, तरी उत्तरं दोन. माझ्या मते शाळेत पहिल्या आजाराबद्दल पुरेसं बोललं जातं आणि दुसऱ्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. खरं तर दुसरा पाचवी-सहावीतच भेटतो.

[दृश्य: फळा. १/२ + १/३ = २/५.]

ही बेरीज दरवर्षी कुठल्या तरी वहीत सापडतेच. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. बाई लाल फुली मारतात, आणि बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. फुली बरोबरच आहे, पण तिचं कारण समजून घेण्याजोगं आहे. या मुलाची पद्धत वापरून बघू. फक्त १/२ च्या जागी २/४ लिहू. संख्या तीच, नाव बदललं. आता २/४ आणि १/३ मिळून होतात ३/७. मघाशी आले होते २/५, म्हणजे ०.४. आणि ३/७ म्हणजे ०.४३ च्या आसपास. त्याच दोन संख्या, तीच पद्धत, आणि उत्तरं दोन. म्हणजे या पद्धतीचं उत्तर नुसतं चुकलेलं नाही. संख्यांवरची क्रिया म्हणून ती उभीच राहत नाही. ती संख्येकडे बघतच नाही, संख्या कशी लिहिलीय तेवढंच बघते.

नेहमीची समच्छेदाची पद्धत घ्या: १/२ लिहा, २/४ लिहा किंवा ५०/१०० लिहा, १/३ मिळवल्यावर उत्तर ५/६ च येणार. गणिती ज्याला सुव्याख्यायित म्हणतात ते हेच. आणि ते सिद्ध करावं लागतं, गृहीत धरता येत नाही.

त्या मुलाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. एका पेपरात २० पैकी १८ आणि दुसऱ्यात ५० पैकी ३५ मिळाले, तर एकूण ७० पैकी ५३. इथे अंशात अंश आणि छेदात छेद हेच बरोबर! कारण गुणपत्रिकेवरचा १८/२० हा अपूर्णांक नाही, ती दोन संख्यांची जोडी आहे. तिथे १८/२० आणि ९/१० या वेगळ्या गोष्टी आहेत, ते कोणीही विद्यार्थी सांगेल. तेव्हा नियम चांगला की वाईट हे नुसत्या नियमाकडे बघून ठरत नाही. तो कशावर लावायचा आणि तिथे कोणत्या दोन गोष्टींना एकच मानलंय, हे आधी ठरवावं लागतं.

[दृश्य: वाऱ्याची दिशा दाखवणारं यंत्र, उत्तरेच्या आसपास हलणारं.]

आता वारा. एकदा मोजला तेव्हा ३५९ अंशांवरून येत होता, दुसऱ्यांदा १ अंशावरून. दोन्ही वेळा जवळजवळ थेट उत्तरेकडून. सरासरी काढा: १८०. म्हणजे दक्षिण! पण ३५९ अंशांना वजा १ म्हटलं, आणि दिशा तर तीच आहे, तर सरासरी शून्य येते. इथे भानगड कोनाची आहे. पूर्ण फेरी मारली की माणूस होता त्याच दिशेला तोंड करून उभा असतो, मोजणी मात्र ३६० ने पुढे गेलेली असते.

याच भानगडीवरून अठराव्या शतकात युरोपातले दोन मोठे गणिती भांडले, तेही आपलं भांडण कोनावरून चाललंय हे ठाऊक नसताना.

[दृश्य: लाइबनित्स आणि योहान बर्नुली यांची चित्रं. मध्ये पत्रं.]

साल १७१२. लाइबनित्स आणि योहान बर्नुली यांच्यातल्या पत्रांमध्ये एक प्रश्न निघाला: ऋण संख्येचा लॉगरिदम काय? लॉगरिदम म्हणजे घाताचा उलटा प्रश्न. १०० हवे असतील तर १० चा कितवा घात घ्यायचा? दुसरा. मग वजा १ हवा असेल तर?

बर्नुलीचा युक्तिवाद ऐका. वजा १ चा वर्ग १. वर्ग केला की लॉगरिदम दुप्पट होतो. १ चा लॉगरिदम शून्य. ज्याची दुप्पट शून्य ते शून्यच. म्हणून वजा १ चा लॉगरिदम शून्य. लाइबनित्सला हे पटलं नाही. धन संख्येचा कुठलाही नेहमीचा घात घेतला तरी ऋण संख्या येणार नाही, तेव्हा हा लॉगरिदम काल्पनिकच, म्हणजे वजा १ च्या वर्गमुळाच्या जातीची संख्या असणार, असं त्याचं म्हणणं. वाद मिटला नाही. १७१६ मध्ये लाइबनित्स गेला. पत्रं १७४५ मध्ये छापली गेली.

निकाल लावला तो बर्नुलीचाच बाझेलमधला शिष्य लिओनार्ड ऑयलर याने, १७४९ मध्ये, बर्लिनमध्ये. तोवर गुरूही हयात नव्हते. ऑयलरचं उत्तर असं: वजा १ ला लॉगरिदम एक नाही, अनंत आहेत, आणि शून्य सोडून सगळ्या संख्यांचं तसंच आहे. संमिश्र संख्यांच्या पटलावर, म्हणजे एका अक्षावर नेहमीच्या आणि दुसऱ्यावर काल्पनिक संख्या मांडलेल्या पटलावर, अशा प्रत्येक संख्येला शून्यापासूनचं एक अंतर असतं आणि एक दिशा असते. लॉगरिदमचा एक भाग अंतरातून येतो आणि दुसरा, काल्पनिक भाग, कोनातून. वजा १ चा कोन १८० अंश. पण तो ५४० ही आहे आणि वजा १८० ही. दरवेळी ३६० चा फरक.

आता बर्नुलीचा युक्तिवाद पुन्हा तपासा. १८० ची दुप्पट ३६०, आणि ३६० हा १ चाच कोन आहे. दुप्पट करणं बरोबरच होतं. १ चा लॉगरिदम शून्य आणि फक्त शून्य, हे धरून चालणं तेवढं नडलं. लाइबनित्सचं उत्तर काल्पनिक असतं हे खरं ठरलं, पण ते एकच नसतं हे त्यालाही दिसलं नव्हतं. द’आलंबेरसारख्या गणितीला तर ऑयलरचं उत्तर वाचूनही पटलं नाही.

शून्याभोवती एक फेरी मारून या, लॉगरिदम बदललेला असतो. केप व्हर्देला परत या, वार बदललेला असतो.

[दृश्य: प्रशांत महासागर. १८० रेखांशाजवळून जाणारी वाकडीतिकडी वाररेषा.]

यावर एक उपाय आहे कात्रीचा. पृथ्वीवर कुठेतरी एक रेषा आखा आणि ठरवा की ती ओलांडली की वार बदलायचा. आज ती प्रशांत महासागरात आहे. रेषा टाळता येत नाही, ती गणिताची सक्ती आहे. ती कुठून न्यायची हे मात्र माणसांच्या सोयीचं. सामोआने १८९२ मध्ये ४ जुलै ही तारीख दोनदा पाळली आणि तो देश रेषेच्या अमेरिकेकडच्या बाजूला गेला. पुढे व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी वाढला, तेव्हा २०११ मध्ये गुरुवार २९ डिसेंबरनंतर थेट शनिवार ३१ डिसेंबर उजाडला आणि सामोआ पलीकडे गेला. बेटं जागची हलली नाहीत. लॉगरिदमसाठी गणितींनी अशीच चीर ऋण अक्षावर दिली आणि कोन वजा १८० ते १८० यांच्यात बांधून टाकला. फंक्शन मिळालं, पण त्या चिरेवर ते एकदम उडी मारतं.

दुसरा उपाय जर्मन गणिती बर्नहार्ड रीमानचा, १८५१ मधला, गटिंगेनच्या प्रबंधातला. गाउससारखा परीक्षक त्यावर खूश झाला होता. रीमानने कात्री वापरलीच नाही. फेरी मारून आल्यावर उत्तर वेगळं येतंय ना? मग आपण त्याच जागी परत आलोच नाही असं समजा. पटलाचे अनेक थर घ्या आणि ते गोल जिन्यासारखे एकमेकांना जोडा. एक फेरी झाली की वरच्या मजल्यावर. या जिन्यावर प्रत्येक बिंदूला लॉगरिदम एकच, आणि उडी कुठेच नाही. बाकीचे उत्तर दुरुस्त करू बघत होते, रीमानने प्रश्न कुठे विचारायचा ती जागाच बदलली. हा उपाय मला जास्त देखणा वाटतो, पण घड्याळं आणि संगणक अजून कात्रीवरच चालतात.

[दृश्य: संगणकाचा पडदा. दोन ओळी: +० आणि −०.]

आणि संगणकात एक गंमत आहे. संगणकातल्या आकडेमोडीसाठी १९८५ मध्ये ठरलेल्या मानकाप्रमाणे तिथे शून्यं दोन असतात: अधिक शून्य आणि वजा शून्य. दोन्ही समान आहेत का विचारलं, तर संगणक ‘हो’ म्हणतो. आता x-निर्देशक वजा १ आणि y-निर्देशक शून्य देऊन कोन विचारा. अधिक शून्याला उत्तर येतं १८० अंश, वजा शून्याला वजा १८०. समान मानलेल्या दोन गोष्टी, आणि उत्तरं दोन. मघाच्या त्या मुलाच्या वहीत होतं तेच.

फरक एवढाच की इथे ते मुद्दाम केलेलं आहे. या मानकामागचे मुख्य गणिती विल्यम काहान यांनी १९८७ मध्ये एका लेखात त्याचं समर्थन केलं. ऐन चिरेवर उभी असलेली संख्या वरच्या बाजूने तिथे आली की खालच्या, एवढं शून्याच्या चिन्हावरून कळावं, हा हेतू.