उपकाराची वसुली

नमस्कार मंडळी.

विषय पत्रिकेवर छापलाच आहे: युद्धात साथ देणाऱ्या देशाचे उपकार दुसऱ्या देशाने किती काळ स्मरायचे? आयोजकांच्या मनात बांगलादेश होता हे मला त्यांच्या फोनवरच कळलं. ऑगस्ट २०२४मध्ये शेख हसीना ढाका सोडून भारतात आल्या. तेव्हापासून आपल्या नागपुरात बर्डीवरच्या चहाच्या टपरीपासून टीव्हीवरच्या आरडाओरड्यापर्यंत एकच वाक्य कानावर पडतं: 'आपण यांना देश मिळवून दिला, आणि हे बघा कसे उलटले.' या वाक्यात खरं किती आणि फुगवलेलं किती, ते आज पाहू. पण थेट ढाक्याला न जाता जरा लांबून जाऊ.

१७७८मध्ये फ्रान्सने अमेरिकेशी लष्करी करार केला. पैसा, दारूगोळा, सैन्य, आरमार, सगळं दिलं. १७८१मध्ये यॉर्कटाउनला फ्रेंच आरमाराने समुद्राची वाट अडवून धरली आणि कॉर्नवॉलिसला शरण यावं लागलं. हा तोच कॉर्नवॉलिस, जो पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. या युद्धाच्या खर्चाने फ्रान्सचा खजिना आणखी खोलात गेला आणि १७८९च्या क्रांतीला त्याचाही हातभार लागला. १७९३मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड पुन्हा जुंपले. आता अमेरिकेची पाळी होती. वॉशिंग्टननी काय केलं? तटस्थता जाहीर केली. १७९८ उजाडेपर्यंत तर हे दोन मित्र समुद्रावर एकमेकांची जहाजं पकडत होते.

तटस्थतेची बाजू अलेक्झांडर हॅमिल्टनने लेख लिहून मांडली. फ्रान्सने मदत केली ती इंग्लंडचा काटा काढण्यासाठी, असं त्याचं म्हणणं. शिवाय मदत केली सोळाव्या लुईने, आणि त्याचं डोकं तर तुम्ही फ्रेंचांनी जानेवारीतच उडवलंत; मग आभार मानायचे तर कोणाचे? वकिली म्हणून उत्तम. धोरण म्हणूनही मला पटतं, कारण कोवळ्या अमेरिकेला दुसरं युद्ध झेपलं नसतं. पण यात एक लबाडी आहे. मदत करणाऱ्याचा स्वतःचा फायदा होता, एवढ्याने मदत खोटी ठरत नाही. यॉर्कटाउनजवळ, चेसापीक उपसागराच्या तोंडाशी ती जहाजं उभी होती, हे सत्य हेतूंचा कितीही कीस पाडला तरी राहतंच. ऋण होतं. ते कशाने फेडायचं, याचा घोळ होता.

फेड कशी होते याचा एक नमुना आपल्याच गावात आहे. १८१६मध्ये भोसल्यांनी कंपनीशी तैनाती फौजेचा करार केला. कायमच्या संरक्षक मैत्रीचा, असं त्याचं स्वरूप. दीड वर्षात सीताबर्डीची लढाई झाली आणि १८५४मध्ये दत्तक वारस नाकारून नागपूरचं राज्य खालसा झालं. एवढं होऊनही १८५७मध्ये भोसले घराण्यातल्या म्हाताऱ्या बाकाबाई इंग्रजांच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि त्यांनी नागपूर शांत ठेवलं. इंग्रज हे विसरले नाहीत हो! त्यांनी त्या नाकारलेल्या वारसाचं, जानोजींचं, दत्तकविधान मान्य केलं आणि 'राजा बहादुर ऑफ देऊर' असा किताब दिला. देऊर सातारा जिल्ह्यात. राज्य मात्र जिथे गेलं होतं तिथेच राहिलं.

दुसरा नमुनाही इथलाच. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त हिंदी माणसं समुद्रापार गेली, सत्तर हजारांवर परत आली नाहीत. १९१८मध्ये गांधीजी स्वतः गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करत होते. साम्राज्याच्या अडचणीत साथ द्या, स्वराज्य जवळ येईल, हा त्यांचा हिशेब. उत्तर आलं रौलट कायद्याचं आणि १३ एप्रिल १९१९ला जालियनवाला बागेत. डिसेंबर १९२०मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं आणि असहकाराच्या ठरावावर इथे शिक्कामोर्तब झालं. मला त्या अधिवेशनातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. 'आम्ही तुमच्यासाठी रक्त सांडलं, आता काहीतरी द्या' ही भाषा तिथे मागे पडली. स्वराज्य हवं ते हक्क म्हणून हवं, अशी मागणी पुढे आली.

आता १९७१.

आपल्या बोलण्यात हे युद्ध ३ डिसेंबरला सुरू होतं आणि १६ डिसेंबरला संपतं. ढाक्यातल्या माणसाला विचारा, तो २५ मार्चच्या रात्रीपासून सांगायला लागेल. त्या रात्री पाकिस्तानी लष्कर ढाका विद्यापीठाच्या वसतिगृहांत घुसलं. तिथून पुढे नऊ महिने. आपण तेरा दिवस मोजतो, ते नऊ महिने मोजतात, आणि भांडणाची अर्धी मुळं या मोजणीत आहेत. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या बंदरांत एकाच वेळी जहाजं फुटली. ती फोडणारी पोरं बंगाली होती. पोटाला सुरुंग बांधून पोहत गेली होती. त्यांना शिकवलं होतं आपल्या आरमाराने, प्लासीजवळच्या छावणीत. मग श्रेय कोणाचं? दोघांचंही. पण आपल्याकडे या पोरांची आठवण कोण काढतं? १६ डिसेंबरला ढाक्यात रमणा रेसकोर्सवर पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी आपल्या जनरल जगजितसिंग अरोरांसमोर शरणागतीवर सही केली, तेव्हा बंगाली लढवय्यांच्या मुक्तिवाहिनीचे सरसेनापती उस्मानी त्या टेबलापाशी नव्हते. बांगलादेशात आजही यावर बोललं जातं. आपण तो फोटो भिंतीवर लावतो, आणि त्यात कोण नाही हे आपल्या लक्षातही येत नाही.

दुसरी बाजूही तितक्याच स्वच्छपणे सांगतो. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. या रेजिमेंटच्या १४व्या बटालियनचे लान्सनायक अल्बर्ट एक्का, आजच्या झारखंडमधल्या गुमला भागातले आदिवासी. ३ डिसेंबरच्या रात्री आगरतळ्यासमोर, सीमेपलीकडच्या गंगासागरला त्यांच्या कंपनीवर मशीनगनचा मारा सुरू झाला. एक्कांनी धावत जाऊन संगिनीने पहिला मोर्चा बंद पाडला. जखमी झाले, तरी पुढे सरकत राहिले. एका पक्क्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून दुसरी मशीनगन आग ओकत होती. सरपटत जाऊन त्यांनी हातबॉम्ब टाकला. गन थांबली नाही. मग भिंत चढून आत शिरले आणि ती गप्प केली. त्या जखमांनीच गेले. पूर्व आघाडीवरचं त्या युद्धातलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. गंगासागरच्या माणसावर हे ऋण नाही असं कोणी म्हणत असेल, तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही, उठून जाईन.

पण हे ऋण एक्कांचं आहे. ते गंगेवरच्या फराक्का धरणाच्या पाण्यात वळतं करता येत नाही.

आपल्या सरकारची कारणं तेव्हा अनेक होती. जवळजवळ एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले होते. पाकिस्तान दुभंगण्यात आपला सामरिक फायदा होता, संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांनी मार्च १९७१मध्येच अशी संधी पुन्हा येणार नाही, असं जाहीरपणे म्हटलं होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. उलट, जिंकलेलं सैन्य तीन महिन्यांत, मार्च १९७२मध्ये परत बोलावलं, अशी उदाहरणं इतिहासात फार सापडत नाहीत. अभिमान बाळगायचा तर त्याचा बाळगा. पण १९७५मध्ये गंगेचं पाणी कोलकाता बंदराकडे वळवणारं फराक्का धरण सुरू झालं आणि १९७६च्या मे महिन्यात बांगलादेशातले म्हातारे नेते मौलाना भाशानी हजारो माणसं घेऊन त्या दिशेने निघाले. भाशानींना कृतघ्न म्हणायचं का? बांगलादेशातल्या राजशाहीच्या शेतकऱ्याची पद्मा, म्हणजे तिकडची गंगा, उन्हाळ्यात आटली, तर त्याने १९७१ आठवून गप्प बसावं? भाचीच्या लग्नात मामाने मदत केली, म्हणून दर दिवाळीला चारचौघांत तो हिशेब काढू लागला, तर भाचीकडचे लोक त्याला टाळायलाच लागतात.

आणि आपण आणखी एक चूक केली. बांगलादेशाची कृतज्ञता म्हणजे हसीनांच्या अवामी लीग पक्षाची मैत्री, असं धरून चाललो. हसीनांनी ईशान्येतल्या बंडखोरांना थारा दिला नाही, आसामातल्या उल्फा संघटनेचे म्होरके आपल्या हाती आले, हे आपल्या फार फायद्याचं होतं. पण तिथल्या तरुणाला निवडणुका धड होताना दिसत नव्हत्या. त्याच्या नजरेत १९७१ ही सत्ताधाऱ्यांची मालमत्ता झाली. सरकार पडलं तेव्हा त्या मालमत्तेवरही लोक तुटून पडले. मेहेरपूरला मुजीबनगर स्मारकात शरणागतीचा प्रसंग दाखवणारी शिल्पं होती, ती फोडली. इथे मात्र मी बांगलादेशाला सूट देणार नाही. पाण्यावरून भांडा, व्हिसावरून भांडा, आमच्या सरकारला तोंडावर सुनवा. घडलेलं पुसायचा हक्क मात्र तुम्हाला नाही. माझ्या लेखी कृतघ्नता सुरू होते ती इथे.

नेदरलँड्समध्ये मारग्राटेन नावाचं गाव आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या आठ हजारांवर कबरी आहेत. १९४५पासून आसपासच्या कुटुंबांनी एकेक कबर दत्तक घेतली: फुलं ठेवायची, घरच्यांना पत्र लिहायचं. आजोबांकडून नातवाकडे ही कबर वारसाने येते. सगळ्या दत्तक गेल्या आहेत, नवीन माणसाला रांगेत थांबावं लागतं. आणि १९८३च्या ऑक्टोबरमध्ये याच देशात, हेग शहरात, अमेरिकन क्षेपणास्त्रं आमच्या भूमीवर नकोत म्हणून पाच लाखांच्या आसपास माणसं रस्त्यावर उतरली. त्यातल्या काहींच्या घरी दत्तक कबरीचा कागद असेलच. दोन्हींत विरोध आहे असं त्यांना वाटलं नाही, मलाही वाटत नाही.

आपण स्वतः कसे वागलो? ९ ऑगस्ट १९७१च्या करारानंतर सोव्हिएत संघाने सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून आपल्याला वेळ मिळवून दिला. त्या बदल्यात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर, १९८०च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांतल्या ठरावावर आपण तटस्थ राहिलो. ही जादा फेड होती असं माझं मत आहे. काबूलच्या माणसाने आपलं काय घोडं मारलं होतं? शिवाय १९७१चं ऋण सोव्हिएत संघाचं. त्याचे वारस पंधरा देश, त्यात युक्रेनही आला. आपण रशियाकडून तेल घेतो ते स्वस्त मिळतं म्हणून. त्याला उगाच कृतज्ञतेचा मुलामा देऊ नये.

१९३८मध्ये काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टर पाठवले. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत. त्याच पथकात आपल्या नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर होते, हे किती नागपूरकरांना माहीत आहे? कोटणीस १९४२मध्ये तिकडेच वारले. शिजियाझुआंगला त्यांचा पुतळा आहे. चिनी नेते इकडे आले की कोटणीसांच्या घरच्यांना भेटल्याचे फोटो छापून येत. मधे १९६२ झालं. गलवान तर कालपरवाचं. पुतळा तिथेच आहे आणि सीमेचा वादही आहे तिथेच आहे. यात काही जण चीनचं ढोंग पाहतात. मला तसं वाटत नाही. कोटणीसांनी तिथे जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, त्याची किंमत अक्साई चिनमध्ये मागायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

शेवटी पुन्हा पाण्याकडे येतो. १२ डिसेंबर १९९६चा गंगा करार तीस वर्षांचा, म्हणजे २०२६च्या डिसेंबरपर्यंतचा. जानेवारी ते मे, दहा-दहा दिवसांचे टप्पे पाडून फराक्क्याला प्रवाह मोजायचा. सत्तर हजार क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मंनिम्मं. सत्तर ते पंचाहत्तर हजार असेल तर पस्तीस हजार त्यांना, उरलेलं आपल्याला. त्याहून जास्त असेल तर चाळीस हजार आपल्याला आणि बाकीचं त्यांना. हा करार ज्या टेबलावर पुढे सरकेल किंवा अडेल, तिथे आपल्या लोकांनी प्रवाहाचे आकडे घेऊन बसावं, कोलकाता बंदराच्या गाळाचे आकडे घेऊन बसावं. मुजीबनगरच्या शिल्पांचा विषयही आपण जरूर काढावा, पण त्यासाठी वेगळी बैठक मागावी.

प्रश्न असतील तर आता घेऊ.