वासाचं जनुक आधी नाकाला सापडतं

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो 'तृणधान्यांतल्या महत्त्वाच्या गुणांमागची जनुकं कशी शोधतात' असा. त्याकडे येतोच. पण कोल्हापुरात भातावर बोलायचं आणि आजरा घनसाळपासून सुरुवात करायची नाही, हे जमायचं नाही. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वास आहे, चव आहे. पण उंच वाढतं, म्हणून वाऱ्यापावसात आडवं पडतं; दिवस जास्त घेतं आणि उतारा कमी देतं. आजऱ्याहून आलेल्या मंडळींना हे मी सांगायला नको. मग वास तसाच ठेवून उंची तेवढी उतरवता येईल का? त्यासाठी वासाचं जनुक कुठे बसलंय आणि उंचीचं कुठे, हे आधी कळायला हवं.

आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय की जनुक यंत्र शोधतं. पान आत घातलं की जनुक बाहेर. मला आज हा समज मोडायचाय. डीएनएची अक्षरं वाचणं आता सोपं झालंय. भाताची १२ गुणसूत्रं, सुमारे ३९ कोटी अक्षरं, २००५ सालीच वाचून झाली. गव्हाचा पसारा त्याच्या चाळीसपट, तीन पूर्वजांची गुणसूत्रं एकाच झाडात, म्हणून त्याचा आराखडा हाती यायला २०१८ उजाडलं. पण त्या अक्षरांत 'वास इथे' असं कुठे लिहिलेलं नसतं. दोनशे झाडांपैकी कुठल्याला वास आहे आणि कुठल्याला नाही, ही यादी आधी माणसाने करायची. मग त्या दोन गटांत डीएनएचा कुठला तुकडा नेमाने वेगळा येतो ते बघायचं. यादी चुकली की पुढचं कितीही महाग यंत्र ती चूकच मोठ्या थाटात छापून देतं.

संकरापासून बघू. घनसाळ मादी, बुटका बिनवासाचा वाण नर. संध्याकाळी घनसाळच्या लोंबीतली उद्या उमलणारी फुलं ठेवायची, बाकीची काढून टाकायची. ठेवलेल्या फुलांचा शेंड्याकडचा तिसरा हिस्सा कात्रीने कापायचा, आतले सहाच्या सहा पुंकेसर चिमट्याने काढायचे, वर बटर पेपरची पिशवी. दुसऱ्या दिवशी नऊ ते अकराच्या सुमारास नराची फुलती लोंबी त्यावर झटकायची. सहापैकी एक पुंकेसर आत राहिला तरी दाणा स्वतःच्याच परागाने भरतो, आणि तुम्ही वर्षभर खोटा संकर सांभाळत बसता. म्हणूनच घनसाळला मादी करायचं. उंची बुटकेपणावर प्रभावी आहे, त्यामुळे खरा संकर आणि खोटा संकर दोन्ही उंचच दिसणार. उंचीवरून काही कळत नाही. सुवासिक भातात वास मात्र बहुधा अप्रभावी असतो. म्हणजे खऱ्या संकराच्या पानाला वास येत नाही, खोट्याच्या येतो. पान हुंगलं की चोर सापडला! खऱ्या संकराचे दाणे पेरून येतात ती दुसऱ्या पिढीची झाडं; यादी करायची ती या दोनशे झाडांची.

आता हुंगायचं कसं? दोन ग्रॅम पान बारीक कापायचं, काचेच्या बशीत घालायचं, वर १.७ टक्क्याचं पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण १० मिलिलिटर, झाकण, आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. मग झाकण किंचित सरकवून एकदाच वास घ्यायचा. मक्याच्या ताज्या लाह्यांसारखा आला तर सुवासिक. इतकं सोपं, आणि इतक्या सोप्या कामातच घात होतो. आठदहा बशा झाल्या की नाक थकतं आणि पुढच्या सगळ्या बशा बिनवासाच्या वाटायला लागतात. कुणी तंबाखू खाऊन येतं, कुणाच्या हाताला सुगंधी साबण असतो. म्हणून तीन माणसं हवीत, तिघांनी एकमेकांचे आकडे बघायचे नाहीत, बशीवर फक्त क्रमांक, आणि दर दहा बशांत एक नक्की वासाची, एक नक्की बिनवासाची, ओळखीची ठेवायची. ती ओळखीचीच चुकली तर तिथे थांबायचं, बाहेर मोकळ्या हवेत जाऊन यायचं.

दाण्यावरून तपासायचं तर आणखी एक फास आहे, आणि शिकलेली माणसंही त्यात अडकतात. पान या पिढीचं, पण त्याच झाडावरचा दाणा पुढच्या पिढीचा! संकरित झाडाच्या एकाच लोंबीत तीन हिस्से दाणे बिनवासाचे आणि एक हिस्सा वासाचे निघतात. असे मूठभर तांदूळ एकत्र शिजवले तर मंद वास येतो, आणि वहीत नोंद होते 'सुवासिक'. झाली यादी नासली. उपाय असा की दाणे एकेक करून चावायचे. सगळे वासाचे, सगळे बिनवासाचे, की मिश्र? किती चावायचे याचाही हिशेब आहे. दहाच दाणे चावले तर मिश्र झाडांपैकी शंभरात पाचसहा हातून निसटतात, कारण त्यांचे दहाच्या दहा दाणे योगायोगाने बिनवासाचे निघतात. वीस चावले तर हजारात तीन. दोनशे झाडं गुणिले वीस दाणे, म्हणजे चार हजार दाणे झाले. जबडा दुखतो, पण जनुक इथेच सापडतं.

अशाच याद्यांवरून आठव्या गुणसूत्रावरचं ते जनुक २००५ साली हाती लागलं. नाव बीएडीएच-दोन. वासाच्या भातात त्याची आठ अक्षरं गळालेली असतात. आठ गळाली की पुढचं वाचन घसरतं, प्रथिन अर्धवट राहतं, आणि एरवी जो पदार्थ पुढे वापरला गेला असता त्यातून वासाचं रसायन साठत जातं. म्हणजे बासमतीचा तो घमघमाट हा एका बंद पडलेल्या जनुकाचा प्रसाद आहे. २००८ साली चालू स्थितीतलं जनुक सुवासिक भातात घातलं, आणि वास गेला. पुरावा म्हणतात तो हा. घनसाळच्या संकरात आधी हीच आठ अक्षरं तपासायची. चार प्रायमरची, म्हणजे जनुकाचा ठरावीक तुकडा पकडणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यांची, एक चाचणी आहे: जेलवर, म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर, २५७ अक्षरांचा पट्टा आला तर वासाचं, ३५५ चा आला तर बिनवासाचं, दोन्ही आले तर मिश्र. रोप तरव्यात असतानाच कळतं. आठ अक्षरं जागेवर आहेत आणि तरी वास आहे असं निघालं, तर मोडतोड त्याच जनुकात दुसरीकडे असू शकते. मग पूर्ण जनुक वाचायचं.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. विद्यार्थ्यांनो, एवढ्यात त्या टेबलावरच्या बारा बशांत द्रावण ओता आणि झाकणं लावा.

आता विषय छापलाय तो. वास हो-नाहीचा गुण आहे. उतारा, दाण्याचं वजन, निसवण्याचे, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याचे, दिवस हे गुण अनेक जनुकांचे, वर हवामानाचा हात. त्यांना दुसऱ्या पिढीची झाडं पुरत नाहीत. प्रत्येक झाडाचा एकेक दाणा पुढे नेत सहावी-सातवी पिढी गाठायची. मिश्रपणा दर पिढीला निम्मा होतो, सहाव्या पिढीत जेमतेम तीन टक्के उरतो. मग अशा दोनशे ओळी, म्हणजे एकेका झाडाचे शुद्ध वंश, तीन पुनरावृत्ती, दोन-तीन गावं. बांधाकडची झाडं मोजायची नाहीत. त्यांना ऊन आणि खत जास्त मिळतं. पाटीवर शिसपेन्सिलीने लिहायचं, आषाढात शाई टिकत नाही. आणि पाखरं राखा. आधी निसवलेल्या ओळी पाखरं आधी खातात, उतारा घटतो, आणि गुणसूत्रांच्या नकाशावर निसवण्याच्या जनुकावर 'उताऱ्याचं जनुक' म्हणून शिक्का बसतो. वासाचंही तसंच: दाणा थंडीत भरला की बासमतीसारख्या भातांत वास जास्त उतरतो, त्यामुळे उशिरा निसवणारी ओळ उगीच सुवासिक ठरते. निसवल्याची तारीख नोंदवली नसेल तर हे कधीच उलगडत नाही.

गुणाचा आणि मार्करचा, म्हणजे गुणसूत्रावरची जागा ओळखीची असलेल्या डीएनएच्या खुणेचा, संबंध योगायोग नाही हे लॉड नावाच्या आकड्याने सांगतात. तीन म्हणजे संबंध खरा असण्याच्या बाजूने हजारास एक. पण त्यातून जागा कळते, जनुक नाही. नकाशावरच्या दहा घरांच्या (सेंटीमॉर्गनच्या) पट्ट्यात भाताची दोन-अडीचशे जनुकं बसतात. मग हजारो रोपं तपासून, त्या पट्ट्यातच गुणसूत्र तुटून जोडलं गेलेली निवडून, पट्टा आवळत न्यायचा. बुटकेपणाचं एसडी-एक असंच २००२ साली पहिल्या गुणसूत्रावर निश्चित झालं. आयआर-आठ या बुटक्या वाणात ते १९६६ पासून शेतात होतं! त्यात ३८३ अक्षरं गळालेली, जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक कमी बनतं, झाड बुटकं राहतं. ते पहिल्या गुणसूत्रावर आणि वास आठव्यावर, म्हणून दोन्ही एकमेकांना न अडवता एका झाडात आणता येतात. दुसऱ्या पिढीत दोन्ही शुद्ध असलेलं झाड सोळात एक.

पुरात तग धरणारं भात आहे का, असं विचारलं होतं. २०१९ आणि २०२१ ची पंचगंगा सगळ्यांनी पाहिली. ओडिशातल्या एफआर-तेरा-ए या भातातलं सब-वन हे पुरात तगवणारं जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे, २००६ साली त्याची ओळख पटली. पाण्याखाली रोप वाढ थांबवून साठा जपतं आणि साधारण दोन आठवडे तग धरतं. स्वर्णा या भाताच्या वाणात ते मार्करच्या आधाराने आणलं. मात्र त्याहून जास्त दिवस पाणी साठलं, तर तेही भात वाचत नाही.

दहा मिनिटं झाली. बशांकडे या. झाकण किंचितच सरकवा, द्रावणात बोट घालू नका, चुरचुरतं. बारापैकी दोन बशा ओळखीच्या आहेत, त्या कुठल्या ते मी शेवटी सांगेन. प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचं, शेजारच्याला विचारायचं नाही. तंबाखू खाल्लेल्यांनी आधी चूळ भरून यावं.