अडलेल्या कादंबरीकडे परतताना

नमस्कार, श्रोतेहो. कादंबरी शंभर-सव्वाशे पानांवर येऊन अडते, मध्ये काही महिने जातात आणि मग ती फाईल उघडायलाच मन धजत नाही. धीर करून बसलं, तर बहुतेक जण पहिल्या पानापासून दुरुस्ती करू लागतात. तेवढं मात्र टाळा. सुरुवातीची तीन प्रकरणं घासूनपुसून लख्ख होतात आणि गाडं अडलेलं असतं तिथेच राहतं.

आधी सगळा मजकूर छापून घ्या आणि दोन-तीन बैठकांत सलग वाचून काढा. हातात पेन नको. पेन असलं की नजर शब्दांवर अडते, गोष्ट निसटते. दुसऱ्या वाचनाला वही घ्या. प्रत्येक प्रसंगासाठी चार ओळी लिहा: कोण आहे, कुठे आहे, महिना कोणता, आणि शेवटी काय बदललं. पाचव्या प्रकरणात आषाढाचा पाऊस आणि आठच दिवसांनी आंब्याला मोहोर, असल्या चुका याच वहीत सापडतात. चौथी ओळ सर्वांत मोलाची. ती लागोपाठ दोन-तीन प्रसंगांत कोरी राहिली, तर दुखणं तिथेच आहे.

लिखाण थांबतं त्या पानावर दोष क्वचितच असतो. तो बहुधा एक-दोन प्रकरणं मागे असतो. समजा, दोन भावांची गोष्ट आहे. धाकटा तलाठ्याकडून सातबारा आणतो, तर त्यावर त्याचं नावच नाही. घरी येतो तेव्हा थोरला ओसरीवर सुपारी कातरत बसलेला. आणि लेखक धाकट्याला जेवायला घालून झोपवून टाकतो! भांडण लिहिणं जड जातं, म्हणून ते टळतं. पुढे लग्नकार्य येतं, पाहुणे येतात, पानं भरतात. पण वाचणाऱ्याचा जीव खिशातल्या त्या कागदातच अडकलेला असतो. तो कागद बाहेर आलाच पाहिजे. धाकटा बोलत नसेल, तर सदरा धुवायला घेताना आईच्या हाती लागू द्या. तो प्रसंग नव्याने लिहा. त्यापुढची पानं वेगळ्या फाईलीत ठेवा, फेकू नका. त्यातलं बरंच पुढे कामी येतं.

कथनाचा सूर हरवला असेल, तर शेवटची दोन चांगली पानं हाताने उतरवून काढा. किंवा धाकट्याला थोरल्यासाठी एक पत्र लिहू द्या, कादंबरीत न घालण्यासाठी. त्याची भाषा पुन्हा कानात बसते.

मग रोज ३०० शब्द, जास्त नकोत. पहिल्याच रविवारी दोन हजार लिहिणारे पुढचा आठवडाभर वहीला हात लावत नाहीत. ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यातून त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः येत राहिल्या. अंक निघायचा म्हणजे मजकूर हवाच. तसा एखादा शनिवार स्वतःला लावून घ्या. विश्वासातल्या एका माणसाला त्या दिवशी पानं पोचवा, पण त्याचं मत विचारू नका. या टप्प्यावर कौतुकही घातक ठरतं.

रोज लिहून उठताना प्रसंग अर्धा सोडा आणि पुढचं वाक्य काय, ते खाली टिपून ठेवा. मागच्या प्रकरणात काही बदलावंसं वाटलं, तर वहीच्या शेवटच्या पानावर नोंद करा आणि तो बदल झालाच आहे असं धरून पुढे लिहीत राहा.