सट्ट्याचा हिशेब आणि पसरकाराची वही

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे खेळावरच्या सट्ट्याबद्दल. सट्टा वाईट की चांगला हा वाद तुम्ही तिंट्यावर, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात पुष्कळ ऐकला असेल, तो मी आज काढत नाही. मला सांगायचं आहे ते एवढंच, की एखाद्या राज्यानं सट्ट्याला कायद्यानं परवानगी दिली तर घराघरांवर त्याचा काय परिणाम होतो, हे शोधायचं कसं? कोणाला विचारायचं आणि कुठे बघायचं?

गोव्याला हा प्रश्न परका नाही. आपला जुगाराचा कायदा १९७६ सालचा. कायद्यानं जुगार बंद, पण १९९२ साली त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना वाट दिली आणि १९९६ साली जहाजांना. त्यातूनच मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी राहिली. मटक्याची चिठ्ठी मात्र बेकायदेशीर, क्रिकेटवर लावलेले पैसेही बेकायदेशीर. २०२० पासून गोमंतकीय माणसाला कॅसिनोत खेळायला मनाई आहे. म्हणजे ही गोष्ट आपल्या माणसाच्या घरात शिरू नये, हे सरकारनंही मानलं आहे. पणजीला बांदावर उभं राहिलं की समोर नदी दिसली पाहिजे, रोषणाई नव्हे, असं माझं जुनं मत आहे. ते इथेच सोडते, नाहीतर विषय राहून जाईल.

माझी एक विद्यार्थिनी होती, फोंडा तालुक्यातली. एम.ए.च्या प्रकल्पासाठी तिनं विषय घेतला आयपीएलवर लावले जाणारे पैसे आणि घरखर्च. मुलगी कामाची. प्रश्नावली तयार केली आणि गावात घरोघरी फिरली. आणि घरोघरी उत्तर एकच, आमच्याकडे कोणी लावत नाही हो. एका घरी तर टीव्हीवर सामना चालू, घरचा माणूस मोबाईलवर बोटं चालवतोय, आणि मान वर न करता सांगतोय की आम्हाला त्यातलं काही कळत नाही. पोरगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “बाई, माझ्या कागदांवरून असं सिद्ध होतंय की आमच्या गावात कोणी सट्टाच खेळत नाही.”

हल्ली मोबाईलवर फॉर्म पाठवून जी सर्वेक्षणं होतात, त्यांवर माझा विश्वास नाही. माणसाच्या ओसरीवर बसल्याशिवाय माणूस कळत नाही. पण या मुलीनं ओसऱ्याही केल्या होत्या, आणि तरी तिला खरं कळलं नाही. कारण लाजेची गोष्ट माणूस ओसरीवरही सांगत नाही.

मग एक दिवस आईनं तिला साखर आणायला पाठवलं. गावचा पसरा, म्हणजे किराणामालाचं दुकान, तीन पिढ्यांचा. पसरकाराने तिला कागद घेऊन उन्हातून फिरताना पाहिलं होतं. तो म्हणाला, “बाय, लोक तुला कशाला सांगतील? बस हांगा. वही बघ.”

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन गेली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. दारातच उकड्या तांदळाची पोती, वर लटकलेल्या कांद्याच्या माळा, आत सुक्या बांगड्यांचा वास. पसरकाराने लाल कापडी बांधणीची उधारीची वही काढली. उघडण्याआधी त्याने एक गोष्ट केली, ती मला फार आवडली. वर्तमानपत्राची लांब घडी घातली आणि नावांच्या रकान्यावर ठेवली. म्हणाला, “आकडे बघा, नावं नाही.” गावात राहायचं तर हे पाळावंच लागतं, आणि मोठमोठे संशोधकही हेच पाळतात.

एप्रिल-मेची पानं उघडली. उधारी चढलेली होती. मी लगेच म्हटलं, “मे महिन्यात उधारी चढणारच की. पुरुमेत असतं.” पावसाळ्याची बेगमी कोणाच्या घरी होत नाही? मिरच्या, चिंच, सोलं, सुकी मासळी, डाळी. सगळं एकदम भरायचं म्हणजे हात आखडतो आणि मग वहीत लिहावं लागतं. आयपीएलचे सामनेही नेमके याच दिवसांत येतात. मग कुठली उधारी पुरुमेताची आणि कुठली सट्ट्याची, हे कसं सांगणार?

पसरकार म्हणाला, “तेच तर दाखवतो.” आणि त्याने बोट ठेवून दाखवलं. पुरुमेताची उधारी मोठ्या रकमेची. एका दिवशी पाच किलो मिरची, एका दिवशी वर्षाची चिंच. आणि ती चवथीच्या आत फिटते. गणपती घरात यायच्या आधी वही कोरी करायची, ही आपल्याकडची रीत. दुसरी उधारी वेगळीच. रकमा बारीक. पाव किलो साखर, चहाची पुडी, एक साबण. रोजच्या ज्या वस्तूंचे पैसे हीच घरं आजवर रोख देत आली होती, त्याच वस्तू आता वहीत. घरं मोजकीच, दोन-तीन. पगार नियमित येणारी, एक जण कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. आणि ही उधारी चवथीला फिटत नाही. थोडी फिटते, उरलेली पुढच्या पानावर ओढली जाते.

मग त्याने बोट सरकवलं ते शेवटच्या रकान्यावर. हस्ते. माल कोणी नेला, ते प्रत्येक पसरकार लिहून ठेवतो, पुढे वाद नको म्हणून. मार्चपर्यंत या घरांची अधूनमधून जी थोडी उधारी व्हायची, तिच्यापुढे लिहिलेलं होतं, हस्ते स्वतः. घरचा कर्ता कामावरून येताना सामान घेऊन जायचा. एप्रिलच्या मध्यापासून त्याच घरापुढे, हस्ते मुलगा. हस्ते मुलगा. हस्ते मुलगी. पानाच्या तळापर्यंत तेच. पसरकार म्हणाला, “देणं वाढलं की बाप यायचा बंद होतो. पोर येतं चिठ्ठी घेऊन. पोराला मी नाही म्हणणार नाही, हे त्याला माहीत असतं.”

श्रोतेहो, मी इतकी वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. घरावर आलेला आर्थिक ताण इतक्या नेमकेपणाने नोंदलेला मी कुठल्याही अहवालात पाहिला नव्हता. सात-आठ वर्षांचं पोर चिठ्ठी घेऊन दुकानात उभं राहतं, मागे लोक उभे असतात, आणि सगळ्यांना कळतं की या घरात काहीतरी बिनसलंय. त्या पोरालाही ते कळतं.

विद्यार्थिनीने विचारलं, “पण काका, हे सट्ट्यामुळेच कशावरून?” पसरकाराने दुकानाबाहेरच्या बाकाकडे हात केला. संध्याकाळी तिथेच बसून मोबाईलवर टीम लावतात, म्हणजे खेळाडू निवडून त्यांच्यावर पैसे लावतात, कोणावर किती लावले ते बोलतात, आणि आतून त्याला ते ऐकू येतं. तेवढ्यावर तो थांबला नाही. माळ्यावरून जुन्या वह्या खाली काढल्या, मोबाईलवर पैसे लावायची सोय नव्हती तेव्हाच्या. तीच घरं, तेच महिने. पुरुमेताची उधारी तेव्हाही होती, पण ही बारीक उधारी नव्हती. मग चालू वर्षातली दुसरी घरं दाखवली, बाकावर न बसणारी. तिथेही ती नव्हती.

तीच घरं आधी आणि नंतर. आणि त्याच वर्षी, शेजारची दुसरी घरं. दोन्हीकडचे फरक घ्यायचे आणि त्या फरकांतला फरक काढायचा. विद्यापीठात हे शिकायला एक सत्र जातं. पसरकाराला धंद्यातून ते कळलं होतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. एका घरची ही उधारी फेडायला बाई यायची, गृह आधारचे पैसे खात्यात पडले की. महिन्याला १५०० रुपये, महागाईत गृहिणीला हातभार म्हणून सरकार देतं ते. ते पैसे या वाटेने जात होते.

मुलीने प्रकल्पात प्रामाणिकपणे लिहिलं की हे एकाच गावचं, एकाच पसऱ्याचं चित्र आहे, यावरून गोव्याबद्दल काही ठरवता येणार नाही. ते बरोबरच आहे. पण बघायचं कुठे, हे तिला कळलं होतं. पैसे लावणाऱ्याला विचारू नका, घराची वही बघा. पुन्हा सांगते, लावणाऱ्याला विचारू नका, घराची वही बघा.

अमेरिकेतल्या संशोधकांनी नेमकं हेच केलं. तिथे १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खेळावरच्या सट्ट्याला अडवणारा १९९२ चा कायदा रद्द केला. त्यानंतर राज्यं एकेक करून परवानगी देत गेली, आज तीसहून जास्त राज्यांत सट्टा कायदेशीर आहे. सगळ्यांनी एकाच दिवशी दिली नाही, म्हणून तुलना करता आली. परवानगीवालं राज्य इकडे, बिनपरवान्याचं तिकडे.

परवानगीच्या बाजूने बोलणारे म्हणत, लोक सिनेमावर, हॉटेलवर घालवतात तेच पैसे इकडे वळतील, घराला तोशीस लागणार नाही. बँक खात्यांचे व्यवहार तपासले तर तसं दिसलं नाही. इतर करमणूक कमी झाली नाही, दुसरा जुगारही कमी झाला नाही. पैसा आला बचतीतून. ज्या घरांचं आधीच ओढाताणीनं चाललं होतं त्यांना फटका जास्त. क्रेडिट कार्डाचं देणं वाढलं, खात्यात शिल्लक नसताना पैसे काढण्याचे प्रसंग वाढले. हे नीट लक्षात ठेवा, पैसा करमणुकीतून आला नाही, बचतीतून आला.

दुसऱ्या अभ्यासात लोकांची कर्जफेडीची पत तपासली. सरासरीने ती घटली जेमतेम ०.३ टक्के. आकडा किरकोळ वाटतो. पण या सरासरीत कधीच पैसे न लावणारी माणसंही धरलेली आहेत, आणि तीच जास्त आहेत. ऑनलाइन सट्टा सुरू झालेल्या राज्यांत काही वर्षांनी दिवाळखोरी २५ ते ३० टक्क्यांनी वाढलेली दिसली. काही वर्षांनी, लगेच नव्हे. आधी बचत जाते, मग कार्ड, मग कर्ज. म्हणून पहिल्या वर्षाचा महसूल मोजून कोणी सांगितलं की सगळं ठीक चाललंय, तर त्यावर विसंबू नये. कॅसिनोंच्या महसुलाचा आकडा आपल्या विधानसभेत येतो. घरातला आकडा कोण आणणार?

आणि नुसत्या पैशाचंच नाही. २०११ साली डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांनी पोलिसांच्या नोंदी तपासल्या. जिंकेल अशी खात्री असलेला स्थानिक अमेरिकन फुटबॉल संघ अचानक हरला, की त्या दिवशी पुरुषांनी घरातल्या बाईवर हात उगारण्याच्या घटना १० टक्क्यांनी वाढत. तेव्हा नेव्हाडा सोडलं तर तिथे अशा सट्ट्याला जवळपास कुठेच परवानगीही नव्हती. नंतरच्या संशोधनात दिसलं की सट्टा कायदेशीर झालेल्या राज्यांत हा परिणाम आणखी तीव्र झाला. आमच्या लहानपणी रेडिओवरचं समालोचन ऐकून घरात वाद व्हायचे ते सामन्याचे व्हायचे. पगार त्यात अडकलेला नसायचा.

ब्रिटनला परवानगीचा अनुभव जुना. तिथेही एप्रिल २०१९ मध्ये सट्ट्याच्या यंत्रांवर एका वेळी लावायची कमाल रक्कम १०० पौंडांवरून २ पौंडांवर आणावी लागली, आणि एप्रिल २०२० मध्ये क्रेडिट कार्डाने जुगार खेळायला बंदी घालावी लागली. आपल्या विधी आयोगाने २०१८ च्या २७६ व्या अहवालात, परवानगी द्यायचीच झाली तर सरकारी अनुदान घेणाऱ्यांना त्यापासून दूर ठेवावं असं सुचवलं होतं. गृह आधारच्या त्या बाईची आठवण ठेवून मला ते पटतं. पण खेळणारा तिचा नवरा असेल तर ती अट त्याला कशी अडवणार?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. टीम लावायची ॲप एका झटक्यात बंद झाली. चोरट्या वाटा आहेतच, परदेशी संकेतस्थळं आहेत, बुकी आहेत. बंदीने घरांना किती आधार मिळाला, हे आता शोधायला हवं. इथे अडचण अशी, की गोव्यात ही ॲप सगळ्या तालुक्यांत एकाच दिवशी बंद झाली. तुलनेला शेजारचा तालुका उरला नाही. उरली ती खेळणारी आणि न खेळणारी घरं, आणि त्यांच्या आधीच्या-नंतरच्या नोंदी.

कोणाच्या घरी हे चालू असेल आणि बोलायला माणूस हवा असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत. पुन्हा सांगते, १४४१६. खेळणाऱ्यानेच फोन करायला हवा असं नाही, घरातली बाईही करू शकते.

आणि पसरकारांना, पतसंस्थांच्या चिटणिसांना, भिशी चालवणाऱ्या बायकांना माझी एक विनंती आहे. २०२५ च्या आधीच्या वह्या रद्दीत घालू नका. कॉलेजातलं कोणी पोर विचारत आलं तर नावांवर घडी ठेवा आणि आकडे दाखवा. हस्तेचा रकाना तर जरूर दाखवा.

नमस्कार.