लोखंड काढून घेतलेला ट्रान्सफॉर्मर

(ठाण्यात, नौपाड्यातल्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, टेबलावर दोन वेटोळी ठेवली आहेत. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते तीच, वार्निश चढवलेली तांब्याची तार. खालच्या वेटोळ्यामागचं सर्किट प्रवाहाची दिशा सेकंदाला लाखभर वेळा उलटसुलट करतं. वरच्याला नुसता एक एलईडी जोडलाय. एकावर एक ठेवली की दिवा लागतो. दोन बोटं वर उचललं, मंदावला. वीतभर वर गेलो, विझला. आणि हे बघा, जवळच धरलंय, पण काटकोनात उभं केलं, तरीही विझला.

माझी नोकरी वागळे इस्टेटमध्ये ट्रान्सफॉर्मर बनवण्यात गेली, त्यामुळे वायर न लावता फोन चार्ज करायचं ते गुळगुळीत पॅड मला कधी परकं वाटलं नाही. ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांतही तारेचा संबंध नसतोच. एकीतला प्रवाह बदलला की तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि त्यानं दुसरीत वीज उठते. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेनं १८३१ साली लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या चढवून नेमकं हेच पाहिलं होतं. तुमच्या घरात येणारी वीज वाटेत तारेविना उडी मारूनच आलेली असते. फरक लोखंडाचा. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकीय क्षेत्र इकडेतिकडे जाऊ देत नाही, म्हणून शंभरातले अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव भाग पलीकडे पोचतात. तो गाभा काढून घ्या आणि मधे हवा ठेवा, झाला तुमचा वायरलेस चार्जर. वेटोळ्याच्या आकारापेक्षा बरंच लांब गेलं की अंतर दुप्पट झाल्यावर क्षेत्र आठपट क्षीण होतं. म्हणून फोन आणि पॅड यांच्यात मिलिमीटरच लागतात.

आता पॅडची गंमत. पाकिटावर ‘क्यू-आय’ छापलेलं असतं, उच्चार ‘ची’. हे वायरलेस चार्जिंगचं प्रमाणक, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन आणि पॅड एकमेकांशी जुळावेत म्हणून ठरवलेले नियम. त्याची पहिली आवृत्ती २०१० ची. पॅड सतत वीज ओतत बसत नाही. अधूनमधून एक हलकी चाचपणी करतं, उत्तर आलं नाही तर गप्प. फोन उत्तर देतो तेही त्याच वेटोळ्यातून: आपल्याकडचा भार किंचित कमीजास्त करतो, आणि ती चुळबूळ पॅडला स्वतःच्या प्रवाहात जाणवते. ‘वाढव’, ‘कमी कर’, ‘बस, पुरे’ हे सगळं असं चालतं. पॅड हिशेबही ठेवतं. मी इतके वॅट दिले, तू सांगतोस तुला इतके मिळाले, मग मधले गेले कुठे? मधे किल्ली किंवा नाणं अडकलं असेल तर ते तापतंय, एवढं ओळखून पुरवठा बंद. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत प्रवाह उठतात, त्यानं तो तापतो; इंडक्शन शेगडीवर भांडं तापतं ते याच प्रवाहांनी. तिथे ते हवं असतं, इथे नको. एक सांगून ठेवतो, फ्लिप कव्हरच्या कप्प्यात एटीएम कार्ड किंवा मेट्रो कार्ड ठेवून फोन पॅडवर टाकू नका. चिप खराब होऊ शकते.

वीज वाया जाते ना, असं विचारणारे भेटतात. जाते. पण आकडा मांडू. पाच हजार एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास. रोज पूर्ण भरली आणि केबलपेक्षा आठ वॅट-तास जास्त गेले असं धरलं, तर वर्षाला तीन युनिट (एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास). दोन वडापावांचे पैसे! बिलाची काळजी सोडा, काळजी उष्णतेची करा. वाया गेलेली वीज फोनच्या पाठीतच उतरते, आणि लिथियम बॅटरीचं आयुष्य उष्णता कमी करते. फोन जरा तिरका ठेवला की वेटोळी एकमेकांवर येत नाहीत, तापणं आणखी वाढतं. २०२३ मध्ये आलेल्या ‘ची-२’ मध्ये लोहचुंबकांचं कडं घातलं ते यासाठी. माझं मत विचाराल तर घरी केबलच वापरा.

मग लांबून वीज नाहीच का? अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात २००७ साली दोन मीटरवरून ६० वॅटचा दिवा लावला, पोचली सुमारे ४० टक्के. पण वेटोळी होती ६० सेंटीमीटर व्यासाची! संशोधक निकोला टेस्लानं न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९०१ पासून तारेविना वीज पाठवायला मनोरा उभारायला घेतला, पैसे पुरवणाऱ्या मॉर्गन या बँकरनं हात आखडता घेतला, १९१७ मध्ये तो पाडला. १९७५ साली कॅलिफोर्नियात गोल्डस्टोनला मायक्रोवेव्हनं दीड किलोमीटरवर तीस किलोवॅटहून जास्त वीज नेली; त्यासाठी २६ मीटरची डिश लागली. दक्षिण कोरियात गुमी शहरात २०१३ मध्ये रस्त्यात पुरलेल्या केबलवरून बस चार्ज होत धावली. आपल्या घोडबंदर रोडवर असं काही पुरायचं म्हटलं तर आधी रस्ता एक पावसाळा सलग टिकू द्या, मग बोलू.

वायरलेस विजेचा खरा उपयोग जिथे ती थेंबभर लागते तिथे आहे. गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगमध्ये सेल नसतो. अटल सेतूवर रीडरच्या लहरींतून त्याला काही मायक्रोवॅट, म्हणजे वॅटचे काही दशलक्षांश, मिळतात, तेवढ्यावर चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या कानामागे त्वचेखाली बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकायला मदत करणारं उपकरण, बाहेरच्या वेटोळ्यातून वीज घेतं. तिथे त्वचेतून वायर काढली तर जंतुसंसर्गाला कायमचं दार उघडं राहतं. पाच-सहा मिलिमीटर कातडी ओलांडायची एवढंच काम, आणि ते या तंत्राला उत्तम जमतं.

श्रोत्यांतून चिठ्ठी आली आहे: ‘आमच्या ह्यांना पेसमेकर आहे, उशाशी पॅड चालेल का?’ ताई, उशाशी नको. लोहचुंबक लावलेल्या फोनची एक मोठी कंपनी स्वतःच सांगते, फोन पेसमेकरपासून १५ सेंटीमीटरहून लांब ठेवा, आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० हून लांब. पॅड खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्या, आणि पुढच्या तपासणीला जाल तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना मॉडेलचं नाव दाखवून विचारा.