पिवळाधमक

(दृश्य: सांगलीच्या बाजारातली हळकुंडं. पॉलिशचा फिरता ढोल.)

शेतातून निघालेली हळद दिसायला अगदीच गबाळी असते. मातकट, मुळ्या लोंबणारी. मग ती शिजवायची, कडक उन्हात वाळवायची आणि ढोलात घालून फिरवायची. साल खरडून जाते, आतला रंग वर येतो. भाव ठरताना आधी रंगच बघतात.

बांगलादेशात याच रंगापायी घात झाला. १९८०च्या दशकात मोठा पूर आला, हळद भिजली, काळपटली. व्यापाऱ्यांना तर पिवळाधमक माल हवा. तेव्हा ढोलात लेड क्रोमेट पडू लागलं. ही पिवळी पूड रंगाच्या कारखान्यांसाठी बनते आणि तिच्यात शिसं असतं. पूर ओसरला, पूड राहिली.

(दृश्य: बांगलादेशातलं खेडं. चुलीवर शिजणारी डाळ.)

पुढे ढाक्यातले आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक खेड्यांतल्या गरोदर बायकांचं रक्त तपासत होते. जवळपास ना जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवणारी भट्टी, ना कारखाना, तरी रक्तात शिसं. ते आलं कुठून? शिसं जिथून येतं, तिथली खूण त्याच्या अणूंमध्ये उतरलेली असते. रक्तातली खूण हळदीतल्या खुणेशी जुळली. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात त्यात कॅल्शियमचं मोठं काम असतं. शिसं कॅल्शियमचं सोंग घेऊन तिथे घुसतं आणि निरोपांचा घोळ होतो. मुलाच्या पहिल्या काही वर्षांत, पेशींचे सांधे जुळत असताना हे घडलं की बुद्ध्यांक घटतो, लक्ष टिकत नाही. मूल आजारी दिसत नाही. शाळेत मागे पडतं, आणि शिक्षक म्हणतात, अभ्यासात लक्ष नाही. नंतर औषध देऊन भागतं का? अमेरिकेत ७८० मुलांवर एक मोठी चाचणी झाली. औषधाने रक्तातलं शिसं उतरलं, बुद्ध्यांक मात्र वर आला नाही.

(दृश्य: अंगणवाडी. दंडघेर मोजण्याची पट्टी.)

आता पोषणाकडे येऊ. खरं तर विष आणि पोषण हे विषय वेगळे काढताच येत नाहीत. आतड्यातून लोह ज्या वाटेने रक्तात शिरतं, त्याच वाटेने शिसंही शिरतं. अंगात लोह कमी असलं की शरीर ती वाट सताड उघडतं, आणि लोहासोबत शिशाचंही फावतं. पोट रिकामं असेल तर आणखीच. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं साधारण दहा टक्के अंगात मुरतं, लहान मुलात जवळजवळ निम्मं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली.

बांगलादेश सरकारने मात्र हे प्रकरण मनावर घेतलं. बाजारात छापे पडले, दंड झाले, वर्तमानपत्रांतून आणि पत्रकांतून लोकांना सांगितलं गेलं. २०१९मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं. २०२१मध्ये एकाही नाही.

भारतात हळद पावडरीसाठी शिशाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग अशी आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आशियाच्या तपासणीत पाटण्यातल्या काही नमुन्यांत हे प्रमाण हजाराच्या वर निघालं. घरच्या घरी पाण्यात टाकून ओळखण्याचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. हे प्रयोगशाळेचंच काम.

अंगणवाडीत वजन, उंची, दंडघेर मोजतात, रक्तातलं शिसं नाही. लोहाचं सिरप मात्र मिळतं, आठवड्यातून दोनदा, एक मिली. पोरं तोंड वाकडं करतात, शी काळी होते, मग घरचे घाबरून बाटली फडताळात ठेवून देतात. शीचा तो काळा रंग लोहाचाच असतो. सिरप चालू ठेवा, आणि शंका आलीच तर सेविकाताईंना विचारा.