वेस्ट पॉइंट, 1913 : हरलेल्या संघाचा हंगाम

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदी जिथे डोंगरांमधून वळण घेते, तिथे उंच कातळावर वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी 1802 पासून उभी आहे. अमेरिकी सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या या संस्थेच्या फुटबॉल संघाच्या 1913 सालच्या हंगामाची ही हकिकत आहे. फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गोव्यातली मैदाने किंवा मुंबईचा एकेकाळचा रोव्हर्स चषक येतो. हा खेळ मात्र वेगळा. यात लांबट चेंडू हातात धरून, प्रतिपक्षाच्या अंगावर अंग घालत, तो यार्डा-यार्डाने पुढे न्यायचा असतो.

चेंडू हाताने पुढे फेकण्याची, म्हणजे फॉरवर्ड पासची, मुभा 1906 साली मिळाली होती. पण तिच्यावर इतकी बंधने होती की बहुतेक संघ रेटारेटीवरच भिस्त ठेवत. 1912 साली पासच्या अंतरावरची मर्यादा उठली, चेंडू थोडा निमुळता झाला आणि टचडाऊनचे, म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे नेण्याचे, गुण पाचावरून सहा झाले. नियम बदलले, सवयी मात्र लगेच बदलल्या नाहीत.

या हंगामात संघाची सूत्रे चार्ल्स डेली यांच्याकडे आली. ते तोफखान्याचे अधिकारी होते आणि पूर्वी हार्वर्डकडून व नंतर याच अकादमीकडून क्वार्टरबॅक म्हणून, म्हणजे संघाच्या चाली चालवणारा खेळाडू म्हणून, खेळलेले होते. आदल्या वर्षी आशा दाखवणारा ड्वाइट आयझेनहॉवर हा कॅडेट गुडघ्याच्या दुखापतीमुळे आता संघाबाहेर होता. स्टीव्हन्सवर 34–0 आणि रटगर्सवर 29–0 असे विजय मिळाले, पण त्यानंतर संघाची दमछाक दिसू लागली. टूथपेस्टमुळे आपल्याला परिचित असलेल्या घराण्याचे नाव लावणाऱ्या कोलगेट विद्यापीठावर 7–6 असा एका गुणाने निसटता विजय मिळाला, तर टफ्ट्सविरुद्ध एकही टचडाऊन न करता सामना 2–0 असा जिंकावा लागला.

1 नोव्हेंबरला इंडियानाहून रेल्वेने नोटर डेम विद्यापीठाचा संघ आला. पूर्वेकडच्या प्रेक्षकांना तो फारसा ठाऊक नव्हता. त्यांचा क्वार्टरबॅक गस डोरे आणि त्याचा मित्र नूट रॉकनी या दोघांनी त्या उन्हाळ्यात ओहायोतल्या सीडर पॉइंटच्या समुद्रासारख्या विस्तीर्ण सरोवराच्या काठी, नोकरीतून वेळ काढून, लांब पास फेकण्याचा आणि धावता धावता झेलण्याचा सराव केला होता. मध्यंतराला नोटर डेम 14–13 असे जेमतेम पुढे होते. उत्तरार्धात डोरेचे पास अडवण्यासाठी कॅडेट पांगले, की मधली फळी विरळ होई आणि तिथून धावणारे गडी घुसत. ते पुन्हा एकवटले, की चेंडू त्यांच्या डोक्यांवरून जाई. उत्तरार्धात यजमानांना एकही गुण मिळाला नाही. अंतिम गुणसंख्या 35–13.

फॉरवर्ड पासचा शोधच त्या दिवशी लागला, असे पुढे सांगितले जाऊ लागले. ते खरे नाही. सेंट लुई विद्यापीठाने 1906 सालीच हे अस्त्र वापरले होते. शिवाय ही कथा नेहमी जिंकणाऱ्यांच्या बाजूने सांगितली जाते आणि 1 नोव्हेंबरलाच संपते, हे आम्हाला अपुरे वाटते. वेस्ट पॉइंटचे चार सामने अजून बाकी होते.

ऑलब्राइटवर 77–0, व्हिलानोव्हावर 55–0 आणि चिवट झुंज देणाऱ्या स्प्रिंगफील्डवर 14–7 असे विजय मिळवून संघ शेवटच्या सामन्याला उभा राहिला. समोर अ‍ॅनापोलिसची नौदल अकादमी होती, जिने 1910, 1911 आणि 1912 अशी सलग तीन वर्षे वेस्ट पॉइंटला हरवले होते आणि तेही एकही गुण मिळू न देता. 29 नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर क्वार्टरबॅक व्हर्नन प्रिचर्ड याने लुई मेरिलाट याच्याकडे पास फेकायला सुरुवात केली. ज्या अस्त्राने चार आठवड्यांपूर्वी स्वतःच्याच मैदानावर पाडाव झाला, ते आता कॅडेटांच्या हाती होते. वेस्ट पॉइंटने सामना 22–9 असा जिंकला आणि नऊपैकी आठ विजयांनी हंगाम संपवला.

पुढच्या वर्षी नोटर डेमचा संघ पुन्हा हडसनकाठी आला. त्या वेळी निकाल लागला 20–7, वेस्ट पॉइंटच्या बाजूने.